कडेला कोणाला उभं करायचं?

सांगलीचे आमचे मरहूम चाचा फोटोग्राफर होते. त्यांचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय बारा फुटांची एक खोली, मागे निळा पडदा, एक लाकडी खुर्ची आणि आत लाल दिव्याची अंधारखोली. लग्नं, वलिमे, शाळांचे ग्रुप फोटो आणि ओळखपत्रांचे फोटो यांवर त्यांचा संसार चालला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या खोलीत शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही साताऱ्याहून साफसफाईला गेलो, निगेटिव्हचे डबे उघडले, तर फिल्मच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. आमच्या साताऱ्याच्या घराचे चाळीस वर्षांतले बहुतेक सगळे फोटो त्या डब्यांत होते. "एकदा सगळ्यांचे प्रिंट काढून घेऊ, घाई काय आहे," असं वर्षानुवर्षं आम्हीच म्हणत आलो होतो.

वाचलं ते फक्त सगळ्यात वरच्या फळीवरचं एक चामडी पाकीट. त्यात निकॉनचा एफएम-टू कॅमेरा होता आणि २० मिमीची एक लेन्स. चाचांनी ही लेन्स कधीतरी मुंबईहून जुनी विकत आणली होती, पण फारशी वापरली नाही. "गिऱ्हाइकाच्या कामाची नाही ही. जाड्याला आणखी जाड करते," असं ते म्हणत. चाचांच्या मुलाने ते पाकीट आमच्या हातात ठेवलं. लेन्सच्या आत ओलीमुळे बुरशीचे बारीक धागे धरले होते, ते आम्ही दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घेतले आणि पाकीट कपाटात गेलं.

ते बाहेर निघालं गेल्या वर्षी. साताऱ्याचं घर पाडायचं ठरलं तेव्हा.

घर जुनं, मातीच्या भिंतींचं. पुढे सोपा, मग छोटा चौक, मागे माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर. अब्बा आणि त्यांचे दोन भाऊ यांच्या तीन वाटण्या झाल्या, भिंतींना ओल आली, तुळया वाळवीने पोखरल्या. पाडणं शहाणपणाचंच होतं, त्याबद्दल घरात कोणाचं दुमत नव्हतं. पण घराचा एकही धड फोटो हातात नव्हता. मोबाइलने काढून पाहिले, ते मोबाइल बदलला की कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. चाचांची लेन्स आहे, त्यांचा कॅमेरा बॅटरीशिवायही चालतो, तर फिल्मवर घराचे फोटो काढून ठेवू, असं आमच्या मनात आलं. कृष्णधवल फिल्मचा रोल आता स्वस्त राहिलेला नाही, आणि त्यात फोटो फक्त ३६. म्हणून घराला हात लावण्याआधी लेन्स शिकून घ्यायची असं ठरवलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

आधी ही लेन्स काय चीज आहे ते सांगतो. लेन्सच्या नाभीय अंतरावर तिला किती रुंद दिसतं ते ठरतं. अंतर जितकं कमी तितकी नजर रुंद. पूर्वी कॅमेऱ्याबरोबर सर्रास मिळायची ती ५० मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४६ अंश पाहते. ३५ मिमीची ६३, २८ मिमीची ७५ आणि २० मिमीची ९४ अंश. साधारण २४ मिमीच्या खाली गेलं की तिला अतिरुंद कोनाची लेन्स म्हणतात. घरातल्या भाषेत सांगायचं तर खोलीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभं राहा. दोन भिंतींमधला कोन ९० अंशांचा असतो. कॅमेरा आडवा धरला तर ही लेन्स डावीकडून उजवीकडे त्यातले ८४ अंश पकडते. म्हणजे जवळपास सगळी खोली. 'प्राइम' याचा अर्थ एवढाच की तिचं अंतर ठरलेलं, झूम नाही. जवळ-लांब करायचं असेल तर पाय हलवायचे.

अशी लेन्स बनवणं सोपं नव्हतं. आपल्या ओळखीच्या एसएलआर कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे आरसा असतो. निकॉनमध्ये लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी जागा त्या आरशासाठी मोकळी ठेवलेली आहे. मग फक्त २० मिमी नाभीय अंतराची लेन्स बसवायची कशी? १९५९ सालची निकॉनची २१ मिमीची लेन्स इतकी आत घुसायची की आरसा वर उचलून अडकवावा लागे आणि मुख्य खिडकीतून काही दिसत नसे. तोडगा फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्येच बाजारात आणला होता. दुर्बीण उलटी धरावी तशी रचना, पुढे पसरवणारी काच आणि मागे एकत्र करणारी. पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली. आमच्या २० मिमी एफ/२.८ लेन्समध्ये अशा १२ काचा आहेत, तरी वजन पावशेरापेक्षा थोडंसंच जास्त.

शिकायला पहिल्यांदा गेलो मिरजेला. तिथे आमचं सासरच्या बाजूचं घर आहे, आणि सितार-तानपुरे बनवणाऱ्यांची गल्ली कोणाला ठाऊक नाही? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं हाती घेतली आणि ती कारागिरी आजही चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हजरत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे. १९३७ मध्ये मद्रासकडच्या प्रवासात त्यांचा इंतकाल झाला, पण दफन मिरजेत झालं. हे गाव सुरांचं आहे, आणि सुरांची दुकानं चिंचोळी आहेत. खोलीभर भोपळे, दांड्या, भुसा आणि मधे बसायला एक पाट. ५० मिमीने तिथे एका वेळी एकच भोपळा दिसतो.

आम्ही दारात उभं राहून पहिला फोटो काढला. सगळं मावलं, पण फोटोत काहीच नव्हतं. कारागीर मागे, बोटाएवढा. मधे भरपूर रिकामी जमीन. ही लेन्स दूरचं आणखी दूर ढकलते आणि जवळचं अंगावर आणते, हे तिथे कळलं. मग परवानगी घेऊन आत शिरलो, गुडघ्यावर बसलो आणि एका तानपुऱ्याच्या भोपळ्यापासून दोन फुटांवर कॅमेरा धरला. आता भोपळा पुढे मोठा, त्याच्यावरून नजर दांडीवर, दांडीवरून कारागिराच्या हातावर आणि मागे भिंतीवर टांगलेली सगळी वाद्यं. "सगळं मावतं" म्हणून ही लेन्स घेणारे निराश होतात. ती आहे जवळ जाण्यासाठी.

आणखी एक गोष्ट त्याच रोलवर दिसली. फोटोच्या मधोमध असलेला भोपळा गोल होता. अगदी तसाच दुसरा भोपळा चौकटीच्या कडेला होता, तो मात्र अंड्यासारखा लांबट दिसत होता. चाचांच्या जाड्या गिऱ्हाइकाचं कोडं सुटलं. सातवीच्या वर्गात आम्ही हे टॉर्च घेऊन दाखवतो. भिंतीवर समोरून टॉर्च मारला की प्रकाशाचा गोल पडतो. तोच टॉर्च तिरपा मारला की गोल ताणला जातो. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेच्या वस्तूंना ही किंमत मोजावी लागते. २० मिमीच्या आडव्या फोटोत अगदी कडेला उभ्या माणसाचं डोकं जवळपास एक तृतीयांशाने रुंद होतं. लेन्स खराब नसते. हे भूमितीचं काम आहे. (माशाच्या डोळ्याची म्हणतात ती लेन्स वेगळी. ती डोकी गोल ठेवते, पण भिंती वाकवते. घराचा फोटो काढायला तिचा काय उपयोग?)

दुसरा धडा कराडला. जुन्या वस्तीतल्या आदिलशाही काळातल्या मशिदीचे जोड मनोरे ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यांची उंची सांगायला नको. साधारण शंभर फूट धरा. खाली उभं राहून कॅमेरा वर केला आणि फोटो काढला. धुऊन पाहिलं तर दोन्ही मनोरे माथ्याकडे एकमेकांवर कलंडलेले, जणू आता पडतील. कॅमेरा वर कलला की आतली फिल्मही कलते आणि उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात. उपाय एकच, कॅमेरा ओळंब्यात धरायचा. मग किती मागे जावं लागतं याचा हिशेब आम्ही वहीत मांडला. २० मिमीची लेन्स उभी आणि सरळ धरली तर शंभर फुटांच्या मनोऱ्यासाठी साधारण एकशे पाच फूट मागे जावं लागतं. ५० मिमीने तेच अंतर अडीचशे फुटांच्या वर जातं. गल्लीबोळात अडीचशे फूट कोण देतो? म्हणजे लक्षात ठेवायला सोपं आहे, इमारत जितकी उंच तेवढेच किंवा थोडे जास्त पाय मागे. फोटोच्या खालच्या अर्ध्यात रस्ता, दुचाक्या आणि केळीवाला येतो, तो येऊ द्यायचा किंवा प्रिंट काढताना कापायचा. आम्ही केळीवाला ठेवला.

तिसरी जागा लिंब, साताऱ्याजवळची. तिथली बारा मोटांची विहीर विरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधली. सुमारे पन्नास फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर शंभर फुटांहून जास्त खोल आहे, आणि तिच्या आत चक्क एक छोटा महाल आहे. आत उतरून वर पाहिलं की काळा दगड आणि पांढरं आकाश. रुंद लेन्स असली की आकाश चौकटीत घुसतंच. कॅमेऱ्याचा मीटर त्याला भुलतो आणि दगड कोळसा होतात. तिथे आम्ही कॅमेरा आधी नुसत्या भिंतीकडे वळवून माप घेतलं, आकडे तसेच ठेवले आणि मग चौकट धरली. आकाश थोडं जास्त पांढरं झालं तरी निगेटिव्ह ते पेलते, अंधारात हरवलेलं मात्र परत आणता येत नाही. त्या दिवशीच्या दोन फोटोंत आमच्याच चपलांची टोकं आली आहेत. या कॅमेऱ्याच्या खिडकीत पूर्ण चौकट दिसत नाही, सुमारे ९३ टक्केच दिसते, आणि उरलेल्या कडेत काय शिरलं ते रोल धुतल्यावर कळतं.

एवढ्या तयारीनिशी गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घराकडे वळलो. सगळे आलेले होते, सांगलीचे, मिरजेचे, पुण्याचे. लहानमोठी मिळून अठरा माणसं.

आधी रिकामं घर. सोपा, चौक, न्हाणी, कोनाडे. कॅमेरा एका पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला आणि शटर हळू ठेवलं. माजघराचं दार लावून घेतलं तेव्हा एक जुनी गंमत आठवली. लहानपणी भर दुपारी त्या दाराच्या फळीतल्या भोकातून समोरच्या भिंतीवर गल्ली उलटी दिसायची, डोकं खाली आणि पाय वर करून चालणारी माणसं. हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये प्रकाश सरळ रेषेत जातो हे प्रयोगांनी मांडलं, अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा उजेड अभ्यासला. त्यांचं नाव आपल्या मुलांना जरूर सांगावं. मात्र "कॅमेरा हा शब्द अरबी कुमरावरून आला" असा जो मजकूर मोबाइलवर फिरतो तो पुढे पाठवू नये. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. त्यांच्या थोरवीला खोट्या आधाराची गरज नाही.

मग ग्रुप फोटो, आणि खरी अडचण. माजघर नऊ-साडेनऊ फूट खोल. अठरा माणसं एका ओळीत उभी केली तर दोन्ही टोकांची चार डोकी ताणली जाणार. कोणाला टोकाला ठेवायचं? रिवाज असा की मधे वडीलधारे आणि टोकाला सुना आणि मुली. नकळत आम्हीही तशीच मांडणी केली होती. मग लक्षात आलं की वर्षानुवर्षं ज्यांना कडेला उभं केलं त्यांचेच चेहरे या लेन्सने बिघडणार. सगळ्यांना हलवलं. ओळ मोडून अर्धगोल केला, मुलं पुढे जमिनीवर बसवली आणि दोन्ही कडांना माणसांऐवजी दार आणि गाद्यांची चळत ठेवली. दार ताणलं तर ताणू दे.

आणि दादी? दादी नव्वदीला टेकलेली. तिचा तस्वीर काढून घ्यायला पहिल्यापासून विरोध. त्याबद्दल आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, तो विषय इथे काढत नाही. पासपोर्टखेरीज तिचा फोटो नाही, आणि तोही हजच्या वेळचा. तिने अर्धगोलात यायला साफ नकार दिला. "मेरा चेहरा नक्को. घर का निकालो," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लसूण सोलायला लागली. थोरल्या फुफीने आग्रह केला, अब्बांनी समजावलं. आमच्या मनातही आलं होतं की गपचूप काढावा, तिला काय कळणार आहे. मोह मोठा होता. घर जाणार, आणि उद्या दादीही. पण जी बाई आयुष्यभर एका गोष्टीला नाही म्हणत आली तिचं नाही अठरा जणांसमोर चोरायचं कसं?

ग्रुप फोटो तिच्याशिवाय झाला. नंतर आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "दादी, तेरे हाथ आये तो चलेगा? सिर्फ हाथ, और पीछे घर." तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "हाथ का क्या है."

मिरजेच्या भोपळ्याची आठवण ठेवून कॅमेरा तिच्या हातांपासून दोन फुटांवर, जमिनीलगत, ओळंब्यात धरला. एफ/११, आणि लेन्सवरचं अंतर चार फुटांवर. २० मिमीची लेन्स अशी लावली की साधारण दोन फुटांपासून थेट शेवटच्या भिंतीपर्यंत सगळं रेखीव येतं, वेगळा फोकस करावा लागत नाही. झूम लेन्सवर बहुधा अंतराची अशी नीट पट्टी नसते, जुन्या प्राइमवर असते, त्यांचा हा एक मोठा फायदा. एका सेकंदाचा पंधरावा भाग, कॅमेऱ्याखाली उशी. तिची बोटं, लसणाच्या पाकळ्या, सूप, त्यामागे माजघर, चौकातला उजेड, सोपा आणि उघड्या दारातून दिसणारी गल्ली. चेहरा चौकटीच्या वर राहिला. तीन वेळा बटण दाबलं, कारण रोलमध्ये तेवढेच फोटो उरले होते.

फिल्म घरीच न्हाणीत धुतली. पूर्वीचा एक रोल बाहेर धुवायला दिला तो ओरखडे घेऊन परत आला होता, तेव्हापासून ही सवय. प्रिंट मात्र मोठे करून घेतले, १२ बाय १८ इंच. ग्रुप फोटो पाहून गलका झाला. पुण्याच्या भावाची कोपराकडची बाजू दाराजवळ जरा फुगली आहे, त्यावरून अजून त्याला चिडवतात.

दादीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही कमी दिसतं. तिने प्रिंट वीतभर अंतरावर, अगदी नाकाजवळ धरला. २० मिमीचा फोटो एवढा मोठा केला तर तो पाहण्याचं नेमकं अंतर दहा इंच येतं. तिथून पाहिलं की कडेचा ताण डोळ्याला जाणवत नाही, कारण लेन्सने ज्या कोनातून पाहिलं त्याच कोनातून आपण पाहतो. हे गणित आम्ही नंतर केलं. तिने भावाची कोपरं पाहिली आणि म्हणाली, "ठीक तो है, क्या हँसते."

मग हातांचा फोटो दिला. हातांकडे तिने पाहिल्यासारखं वाटलं नाही. बोट फिरवत फिरवत मागे गेली, सुपावरून माजघरात, माजघरातून फडताळाकडे. तिथे थांबली.

"दूध के पातेले पे ढक्कन किसने नहीं रखा?"

आम्ही भिंग आणून पाहिलं. खरंच, फडताळात पातेलं होतं आणि त्यावर झाकण नव्हतं. धाकट्या चाचींनी कबूल केलं.

पावसाळ्याआधी घर पाडलं. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून कागदी पाकिटांत घातल्या आहेत, बरोबर ओल शोषणाऱ्या पुड्या. प्रत्येक फोटोचे दोन प्रिंट काढले. एक संच साताऱ्यात आहे, दुसरा सांगलीत चाचांच्या मुलाकडे, या वेळी दुसऱ्या मजल्यावर.